फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतरची निचरानळी : एका मोजपट्टीची चिकित्सा

१

फुप्फुसाचा एखादा खंड काढून टाकल्यावर छाती शिवण्यापूर्वी शस्त्रक्रियाकार फासळ्यांमधून एक किंवा दोन नळ्या आत ठेवतो. शस्त्रक्रियेनंतर कापलेल्या पृष्ठभागातून हवा झिरपते, रक्त व पातळ द्रव साचतो. त्यांना बाहेरची वाट मिळावी आणि बाहेरची हवा मात्र आत येऊ नये, एवढेच त्या नळीचे काम. आपल्या वॉर्डांत तिला ‘आय.सी.डी.’ म्हणतात. रुग्णाचे नातेवाईक नुसते ‘बाटली’ म्हणतात आणि ‘बाटली केव्हा निघणार?’ हा त्यांचा रोजचा प्रश्न असतो. प्रश्न साधा आहे. परंतु गेल्या पाव शतकात या एका प्रश्नाविषयी जे संशोधन प्रसिद्ध झाले ते ओळीने वाचू गेल्यास वाचकाचा संभ्रम वाढतो. नळीला यंत्राने ओढ द्यावी, असे एक संशोधन सांगते. देऊ नये, असे दुसरे सांगते. दिली काय आणि न दिली काय, फरक पडत नाही, असे तिसऱ्याचे म्हणणे. द्रवाची मर्यादा दिवसाला शंभर मिलिलिटर धरावी की पाचशे, याविषयीही एकवाक्यता नाही.

या सर्व वाङ्मयाचा आढावा घेण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. त्यातील काही ठळक संशोधनांच्या आधारे एकच मुद्दा मांडावयाचा आहे. ‘नळी किती दिवस राहिली’ ही संख्या या संशोधनांत फलित म्हणून मोजली जाते. वस्तुतः ती निव्वळ फलित नव्हे; ती बहुतांशी निर्णय आहे. नळी काही पिकल्या फळासारखी आपण होऊन गळून पडत नाही. ती कोणीतरी, कोणत्यातरी नियमानुसार, कोणत्यातरी वेळी काढतो. तेव्हा नळीचे दिवस मोजताना आपण फुप्फुस किती लवकर बरे झाले हे मोजतो आणि त्याच आकड्यात आपला स्वतःचा नियमही मोजतो. या दोहोंची फारकत न केल्यामुळेच निष्कर्षांत एवढी विसंगती दिसते, असे आमचे प्रतिपादन आहे.

हा केवळ पद्धतिशास्त्रातला काथ्याकूट नव्हे. फासळ्यांमधील मज्जातंतूवर टेकलेली नळी श्वासागणिक दुखते. दुखते म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो, खोकणे टाळतो, कफ साचू देतो आणि अंथरुणाला खिळतो. नळी एक दिवस जास्त राहिली तर त्याची किंमत ही अशी मोजावी लागते. उलट ती घाईने काढली आणि फुप्फुस पुन्हा मिटले, तर त्याच रुग्णाच्या छातीत दुसरी नळी घालावी लागते. मोजपट्टी सदोष असेल तर या दोहोंपैकी एका बाजूला रुग्णाची हानी ठरलेलीच आहे.

२

मूळ शरीरव्यापाराचे थोडक्यात स्मरण करणे आवश्यक आहे. फुप्फुसाचा कल आत मिटण्याकडे आणि छातीच्या पिंजऱ्याचा कल बाहेर उघडण्याकडे असतो. या दोन परस्परविरोधी ओढींमुळे फुप्फुसावरणाच्या पोकळीतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी राहतो; शांत उच्छ्वासाच्या शेवटी तो पाण्याच्या स्तंभाच्या सुमारे ५ सेंमी इतका कमी असतो आणि श्वास घेताना आणखी उतरतो. छातीला भोक पडून ते उघडे राहिले की ही व्यवस्था मोडते. म्हणून नळीचे बाहेरचे टोक बाटलीतील पाण्यात सुमारे दोन सेंटिमीटर बुडवून ठेवतात. आतली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते, बाहेरची हवा पाण्यामुळे आत शिरू शकत नाही. यालाच ‘जलबंद’ म्हणावयाचे.

हाम्बुर्ग येथील गोटहार्ड ब्यूलाऊ यांनी पू झालेल्या छातीसाठी अशा बंद निचऱ्याची पद्धत १८९१ साली प्रसिद्ध केली. जर्मन भाषक देशांत आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. परंतु या पद्धतीचे मर्म वैद्यकाच्या गळी उतरण्यास एक मोठी आपत्ती यावी लागली. १९१८ साली अमेरिकन सैन्याच्या छावण्यांत न्युमोनियाची साथ पसरली आणि अनेक सैनिकांच्या छातीत पू झाला. पू दिसला की छाती उघडून तो काढावा, ही तेव्हाची रूढी. त्या उपचाराखाली सरासरी शेकडा तीसच्या आसपास रुग्ण दगावत होते. काही छावण्यांत हे प्रमाण त्याहूनही पुष्कळ अधिक होते. त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या मंडळात एव्हर्ट्स ग्रॅहम हे तरुण शस्त्रक्रियाकार होते. ग्रॅहम आणि बेल यांनी दाखवून दिले की, आजाराच्या आरंभी दोन फुप्फुसांमधला पडदा अजून घट्ट झालेला नसतो. अशा वेळी एक बाजू उघडली की दुसऱ्या बाजूचे फुप्फुसही दबते आणि रुग्ण पुवाने न मरता उपचाराने मरतो. पू दाट होऊन आवरणे चिकटेपर्यंत छाती बंद ठेवावी, हा नियम लागू होताच मृत्युप्रमाण शेकडा पाचच्या आसपास आले. पुढे १९२९ साली हॅरॉल्ड ब्रन यांनी एकाच टप्प्यात खंड काढण्याची पद्धत मांडली. तिच्याही यशात बंद निचऱ्याचा वाटा मोठा होता.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण त्यातील बोधात आहे. १९१८ सालच्या मंडळाने ‘छाती उघडलेली बरी की बंद ठेवलेली बरी?’ असा सरसकट प्रश्न विचारला नाही. आत नेमका कोणता दाब आहे, पडदा सैल आहे की घट्ट, असा प्रश्न त्याने विचारला आणि नियम त्या उत्तरातून काढला. पुढील पिढ्यांनी नियम घेतला. प्रश्न विचारण्याची रीत मात्र बरीचशी मागे राहिली.

३

चूषणाचा, म्हणजे आपण ज्याला ‘सक्शन’ म्हणतो त्याचा, वाद या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. चूषणाच्या बाजूने तर्क असा की, ओढ दिली म्हणजे फुप्फुस पसरून छातीच्या भिंतीला टेकते आणि भोक बुजते. विरुद्ध बाजूचा तर्क असा की, त्याच ओढीने भोकातून हवा सतत वाहत राहते आणि ते बुजावयास उशीर लागतो. दोन्ही तर्क संभाव्य आहेत. म्हणूनच प्रयोगाची गरज होती.

अलाबामातील रॉबर्ट सेरफोलिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली असा प्रयोग प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी ज्यांच्या नळीतून हवा येत होती अशा ३३ रुग्णांची यादृच्छिक विभागणी करण्यात आली. नुसत्या जलबंदावर ठेवलेल्या १८ पैकी १२ जणांची गळती तिसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबली. चूषणावरील १५ पैकी केवळ एकाची थांबली. हा फरक डोळ्यांत भरणारा होता आणि अनेक रुग्णालयांनी त्यावरून आपला शिरस्ता बदलला. २००२ साली मार्शल आणि सहकाऱ्यांचा निष्कर्षही जलबंदाकडेच झुकला. परंतु २००४ साली ब्रुनेल्ली व सहकाऱ्यांना १४५ रुग्णांत आणि २००५ साली अल्फॉन्सो व सहकाऱ्यांना २३९ रुग्णांत गळतीच्या कालावधीत फरक आढळला नाही. पुढे २०१३ साली इटलीतून प्रसिद्ध झालेल्या ५०० रुग्णांच्या प्रयोगाने पारडे पुन्हा हलविले : खंड शरीररचनेनुसार काढलेल्या रुग्णांत लांबणारी गळती चूषणामुळे कमी होते, असा त्याचा कौल.

यांपैकी कोणाचेही काम उथळ नाही. मग विसंगती कोठून आली? आमच्या मते तिचे पहिले कारण शब्दांत आहे. ‘चूषण नाही’ असे ज्याला म्हटले जाते त्यात खरोखर चूषण नसते काय? बाटली छातीच्या पातळीपेक्षा ऐंशी ते शंभर सेंटिमीटर खाली ठेवलेली असते. जोडनळी हवेने भरलेली असेल तर छातीत ओढ जवळजवळ नसते. पण तीच नळी द्रवाने भरली की त्या द्रवाच्या स्तंभाचे वजनच खाली ओढू लागते. ही ओढ त्या स्तंभाच्या उंचीइतकी असते. अर्धा मीटर स्तंभ असेल तर ती पाण्याच्या ५० सेंमीपर्यंत जाऊ शकते. चूषणाच्या यंत्रावर मात्र आपण नेमस्तपणे वीस सेंटिमीटरचा आकडा लावतो! उलट नळीला लोंबता झोळ पडून त्यात द्रव साठला, तर यंत्र चालू असूनही ओढ छातीपर्यंत पोचत नाही. प्रसंगी आतला दाब वाढतो. म्हणजे ‘चूषण’ आणि ‘चूषण नाही’ ही विभागणी यंत्राच्या खटक्यावरून केलेली आहे, फुप्फुसावरणातील दाबावरून नव्हे. औषधाच्या प्रयोगात एका गटाला मात्रा न मोजता औषध दिले आणि दुसऱ्या गटालाही नकळत थोडेफार दिले, तर त्या प्रयोगाविषयी आपण काय म्हणू?

दुसरे कारण गळतीच्या मोजणीत आहे. गळती थांबली की नाही, हे बाटलीत बुडबुडे पाहून ठरते. खोकावयास सांगितले की एखादा बुडबुडा येतो. तो फुप्फुसातून आला की पोकळीत अडकलेल्या जुन्या हवेतून आला, हे डोळ्याला कळत नाही. ही उणीव सेरफोलिओ यांनी स्वतःच ओळखली होती. गळती सतत आहे, श्वास घेताना आहे, सोडताना आहे की केवळ जोराने सोडताना आहे, असे प्रकार आणि एक ते सात अशा पायऱ्या ठरवून त्यांनी वर्णनाला शिस्त लावण्याचा प्रयत्न केला, हे त्यांचे श्रेय मोठे आहे. तथापि मोजणारा अखेर डोळाच राहिला. स्पेनमधील वारेला आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दोन निरीक्षकांचे निर्णय ताडून पाहिले. नेहमीच्या बाटलीकडे पाहून नळी काढावी की ठेवावी, याविषयी त्यांचे एकमत जेमतेम निम्म्याहून थोड्या अधिक वेळा झाले. हवेचा प्रवाह यंत्राने मोजून दाखविल्यावर ते बहुतेक वेळा झाले. ज्या निर्णयावर दोन जाणकारांचेच एकमत होत नाही, त्या निर्णयाच्या तारखेला आपण फलित म्हणून सारणीत मांडत आलो आहोत.

४

गळती थांबल्यावर प्रश्न उरतो द्रवाचा. दिवसाला किती द्रव येत असताना नळी काढणे निर्धोक आहे? आपल्याकडे जुन्या शिकवणुकीत शंभर, दीडशे किंवा दोनशे मिलिलिटर असे आकडे पिढ्यानपिढ्या चालत आले आहेत. हे आकडे कोणत्या प्रयोगातून आले, असे विद्यार्थ्याने विचारल्यास ‘आमच्या सरांनी सांगितले’ यापलीकडे उत्तर मिळणे कठीण. २००२ साली ब्राझिलमधील यूनेस आणि सहकाऱ्यांनी शंभर, दीडशे व दोनशे या तीन मर्यादांची यादृच्छिक तुलना केली. त्यांत फरक आढळला नाही. २००८ साली सेरफोलिओ आणि ब्रायंट यांनी दोन हजारांहून अधिक रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. दिवसाला ४५० मिलिलिटरपर्यंत द्रव येत असतानाही त्यांनी नळ्या काढल्या आणि साचलेल्या द्रवाचा त्रास होऊन परत दाखल व्हावे लागलेले रुग्ण शेकडा एकाहूनही कमी, म्हणजे ०.५५ टक्के, निघाले. २०१४ साली कोपनहेगनच्या ब्येरेगार्ड व सहकाऱ्यांनी दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया केलेल्या ५९९ रुग्णांत मर्यादा ५०० पर्यंत नेली. पुन्हा हस्तक्षेप करावा लागला तो २.८ टक्के रुग्णांत. २०१९ साली इरास सोसायटी आणि युरोपियन सोसायटी ऑफ थोरॅसिक सर्जन्स या संस्थांनी संयुक्तपणे जी मार्गदर्शक सूत्रे दिली, त्यांत ४५० ही मर्यादा मान्य झाली. त्याच सूत्रांत चूषण सरसकट लावू नये आणि खंड काढल्यावर दोनऐवजी एकच नळी ठेवावी, असेही सांगितले आहे.

या संशोधनाने एक जुनी भीती घालविली, याबद्दल दुमत असू नये. परंतु येथेही आकड्याच्या मागे जाऊन पाहिले पाहिजे. २००८ आणि २०१४ ची ही दोन्ही कामे अनुभवाची निवेदने आहेत. तुलनेसाठी दुसरा गट त्यांत नाही. शिवाय आकडा सर्वांना एकच आहे. फुप्फुसावरणातील द्रव लसिकावाहिन्या शोषून घेतात. मेंढ्यांवरील प्रयोगांत या शोषणाची कमाल मर्यादा दर तासाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.२८ मिलिलिटर आढळली; निरोगी अवस्थेतील द्रवनिर्मितीच्या ती कितीतरी पट आहे. हे प्रमाण माणसाला लावून पाहिले, तर सत्तर किलोच्या रुग्णात ती मर्यादा दिवसाला सुमारे ४७० मिलिलिटर येते. ४५० हा आकडा निभावला याचे शारीरिक कारण येथे असावे. पण त्याच हिशेबाने पंचेचाळीस किलोच्या रुग्णात मर्यादा सुमारे ३०० येते. आपल्या वॉर्डात पंचेचाळीस किलोचा रुग्ण हा अपवाद नव्हे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. वरील संशोधनांतील रुग्ण मुख्यतः कर्करोगाचे आहेत. भारतात फुप्फुसाच्या शस्त्रक्रियांचा मोठा वाटा क्षयाने नासलेला खंड, क्षयाच्या पोकळीत वाढलेली बुरशी, जुनाट श्वासनलिकाविस्फार अशा दाहजन्य रोगांचा आहे. या रुग्णांत आवरण जाड व चिवट झालेले असते. फुप्फुस सोडविताना ते जागोजाग फाटते आणि हवा अधिक काळ गळते. जाड आवरणातल्या लसिकावाहिन्या निरोगी मेंढीच्या लसिकावाहिन्यांइतके शोषण करतील, हे गृहीत धरावयास आधार नाही. उरलेले फुप्फुसही ताठर असल्यामुळे पोकळी भरून काढत नाही. अशा रुग्णाला ४५० चा नियम जशाच्या तसा लावणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घालणे होय. पण म्हणून शंभरचा जुना नियम बरोबर ठरतो, असेही नाही. त्याला तर कोणाचेच माप घेतलेले नाही.

येथे एक अपवाद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. हे सर्व आकडे पातळ, पाण्यासारख्या द्रवाचे आहेत. द्रव रक्ताळ असेल, दुधाळ असेल किंवा गढूळ असेल, तर प्रश्न संख्येचा राहत नाही. कारण शोधावे लागते. तसेच संपूर्ण फुप्फुस काढलेल्या रुग्णाला यांतील काहीही लागू पडत नाही. तेथे भरून येण्यास फुप्फुसच नसते आणि चूषण लावल्यास मधला पडदा हृदयासह ओढला जाऊन प्राणावर बेतू शकते.

५

अंकदर्शी यंत्रांमुळे हा सारा वाद मिटेल, अशी अपेक्षा होती. ही यंत्रे हवेचा प्रवाह मिनिटाला किती मिलिलिटर आहे ते दाखवितात, दिवसभराचा आलेख ठेवतात आणि बाटलीच्या उंचीची पर्वा न करता छातीजवळचा दाब ठरलेल्या पातळीवर राखतात. म्हणजे वर सांगितलेल्या पहिल्या दोन दोषांवर तत्त्वतः इलाज झाला. पोम्पिली आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली चार केंद्रांतील ३८१ रुग्णांवर केलेल्या यादृच्छिक प्रयोगात यंत्राच्या गटाची नळी सरासरी ३.६ दिवसांनी निघाली, साध्या बाटलीच्या गटाची ४.७ दिवसांनी, घरी जाण्यातही एका दिवसाचा फरक पडला. पण २०१५ साली कॅनडातील गिल्बर्ट व सहकाऱ्यांना, त्याच वर्षी डेन्मार्कमधील लाइकेनडाइक व सहकाऱ्यांना आणि २०१८ साली जपानमधील ताकामोची व सहकाऱ्यांना नळीच्या दिवसांत असा फरक आढळला नाही.

आमच्या प्रतिपादनाची कसोटी येथे लागते. यंत्र नळीतून काही औषध सोडत नाही. ते गळती लवकर बुजवीत असेल तर दाब स्थिर राखल्याने थोडेफार बुजवीत असेल. त्याचा मुख्य परिणाम फुप्फुसावर होत नसून डॉक्टरवर होतो : जो निर्णय घ्यावयास मन कचरत होते तो घेण्यास ते धीर देते. मग जेथे साध्या बाटलीच्या गटातही नळी काढण्याचा नियम कडक आहे आणि निर्णय घेणारे सराईत आहेत, तेथे यंत्राला धीर देण्यासारखे फारसे उरत नाही व फरक नाहीसा होतो. जेथे नियम सैल आहे तेथे फरक ठळक दिसतो. या प्रयोगांतील विसंगतीचे हेच एकमेव कारण आहे असा आग्रह नाही. मात्र ते संभाव्य आहे आणि प्रयोगांच्या मांडणीत त्याची चाचणी घेण्याची सोय ठेवलेली नाही, हा आमचा आक्षेप आहे.

आणखी एक साधी गोष्ट. नळी काढण्याचा निर्णय सहसा सकाळच्या फेरीत होतो. गळती संध्याकाळी सहाला थांबली काय किंवा पहाटे चारला थांबली काय, नळी सकाळी नऊलाच निघते. आणि नवाच्या फेरीत शंका राहिली तर दुसऱ्या दिवशीच्या नवाला. मापनाचे एकक असे चोवीस तासांचे असताना एका दिवसाचा सरासरी फरक मोजून त्याचे श्रेय यंत्राला द्यावयाचे, म्हणजे केवळ वार छापलेल्या दिनदर्शिकेवरून गाडीचा उशीर मोजण्यासारखे आहे. फेरी दिवसातून दोनदा घेतली तर काही रुग्णांच्या नळीचे अर्धा दिवसतरी वाचतील. त्याला यंत्र लागत नाही.

६

या संशोधनांत जे मोजलेले नाही त्याचाही विचार केला पाहिजे. दुखणे किती झाले, रुग्ण किती चालला, खोकू शकला की नाही, यांची नोंद फार थोड्या ठिकाणी नळीच्या दिवसांच्या बरोबरीने मांडली जाते. परिचारिकेच्या कामाची नोंद तर क्वचितच. नळी तुंबू नये म्हणून ती बोटांनी दाबून सरसर ओढण्याची जुनी सवय अनेक ठिकाणी अद्याप आहे. असे ओढताना नळीत पाण्याच्या ४०० सेंटिमीटरपर्यंत ओढ निर्माण होऊ शकते, हे १९८० नंतरच्या दशकात दाखविले गेले आहे. वीस सेंटिमीटरचे चूषण हितकर की अहितकर, यावर पंडितांचा वाद चालू असताना खाटेजवळ त्याच्या वीसपट ओढ विनानोंद दिली जात असेल, तर त्या वादाच्या निष्कर्षाला अर्थ किती?

प्रस्तुत लेखकाने विद्यार्थिदशेत पाहिलेला एक प्रसंग येथे नमूद करतो. एका रुग्णाला एक्स-रेसाठी नेताना त्याच्या मुलाने वडिलांना ओढाताण होऊ नये म्हणून बाटली उचलून थेट त्यांच्या उशाशी ठेवली. बाटलीतला द्रव उलट छातीकडे वाहू लागला. ते पाहून सोबतच्या माणसाने घाईघाईने नळीला चिमटा लावला आणि तो तसाच राहिला. रुग्णाच्या फुप्फुसातून हवा गळत होती, ती कोंडली. श्वास कोंडू लागला तेव्हा कोणाच्या तरी लक्षात येऊन चिमटा निघाला व रुग्ण वाचला. त्या मुलाला ‘बाटली नेहमी छातीच्या खाली ठेवा’ एवढे एक वाक्य त्याच्या भाषेत कोणी सांगितले नव्हते. आणि गळती चालू असताना वाहतुकीसाठी चिमटा लावू नये, हे सोबतच्या माणसाला शिकविलेले नव्हते. त्या रुग्णाच्या नळीचे दिवस मात्र नोंदवहीत व्यवस्थित मोजलेले होते.

अंकदर्शी यंत्र आपल्या सार्वजनिक रुग्णालयांत प्रत्येक खाटेला मिळणे खर्चाच्या दृष्टीने अवघड आहे. बाटलीवर चिकटपट्टी लावून तीवर वेळ व पातळी लिहिण्याची आपली रीत त्यामुळे हीन ठरत नाही. ती पट्टी प्रामाणिकपणे लिहिली, तर या क्षेत्रातील एका खऱ्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातून मिळू शकते. ते कसे, हे सांगून लेख संपवितो.

७

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी हा विषय निवडल्यास आमच्या अपेक्षा चार आहेत. पहिली : नळी काढण्याचा नियम अभ्यासाच्या आरंभी लेखी ठरवावा आणि दोन वेळा स्वतंत्रपणे नोंदवाव्यात, एक रुग्णाने नियम पूर्ण केल्याची वेळ आणि दुसरी नळी प्रत्यक्ष निघाल्याची वेळ. पहिली वेळ फुप्फुसाची आहे, दुसरी आपली. या दोहोंतील अंतर म्हणजे आपल्या व्यवस्थेचे दुखणे. ते फुप्फुसाच्या खाती घालू नये. दुसरी : चूषणाचा आकडा लिहिताना बाटलीची उंची, जोडनळीतील द्रवाची स्थिती व झोळ यांचीही नोंद करावी. तिसरी : द्रव दिवसाला किती, याबरोबरच वजनाच्या दर किलोमागे किती हेही मांडावे, आणि दाहजन्य रोगाचे रुग्ण कर्करोगाच्या रुग्णांत मिसळू नयेत. चौथी : दुखणे व चालणे यांना नळीच्या दिवसांइतकेच स्थान द्यावे, कारण नळी लवकर काढावयाची ती त्यांच्याचसाठी.

यावर एक आक्षेप संभवतो. इतक्या नोंदी ठेवण्यास वेळ कोणाला आहे? आक्षेप खोटा नाही. परंतु वरील यादीत वजनकाटा, मोजपट्टी आणि घड्याळ यांपलीकडे कोणतेही साधन लागत नाही. परदेशातील संशोधकांनी आपापल्या रुग्णांवरून आपापले आकडे काढले, यात त्यांचा दोष नाही. त्यांचे आकडे आपण आपल्या रुग्णांवर न तपासता लावले, तर तो दोष आपला असेल.

१९१८ साली छाती उघडण्याची रूढी मोडली ती कोणी मोठे यंत्र आणले म्हणून नव्हे. आत काय चालले आहे हे पाहिल्याशिवाय नियम करावयाचा नाही, असे काही माणसांनी ठरविले म्हणून ती मोडली. ‘बाटली केव्हा निघणार?’ या नातेवाइकांच्या प्रश्नाला ‘उद्या बघू’ हे उत्तर आपण वर्षानुवर्षे देत आलो आहोत. त्या ‘उद्या’पैकी किती भाग रुग्णाच्या फुप्फुसाचा आणि किती आपल्या सवयीचा, हे मोजून सांगता येणे शक्य आहे. ते आपल्याच वॉर्डात कोणीतरी मोजावे, एवढ्यासाठीच हा परामर्श घेतला आहे.